इस्टिमेटवर पार्टचा नंबर लिहून मिळावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

वॉरंटी संपलेल्या महागड्या मोटारींच्या दुरुस्तीचे इस्टिमेट देताना प्रत्येक सुट्या भागापुढे मोटार कंपनीचा पार्ट नंबर लिहिलेला असावा आणि भाग बसवल्यावर बिलावर तो बनवणाऱ्याचे नाव यावे, अशी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी वरवर किरकोळ वाटेल. पण खान्देशात ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे त्याला ती सांभाळता येणार की विकून टाकावी लागणार, हे पुष्कळदा या एका नंबरावर ठरते.

अशा गाड्या आता आपल्याकडे दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. जळगावचे सराफ, रावेर-यावलकडचे केळी बागायतदार, शिरपूर-शहाद्याचे व्यापारी, धुळ्याचे तरुण डॉक्टर यांच्याकडे त्या दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मुंबई-पुण्यात काही वर्षे वापरून झाल्यावर इकडे आलेल्या असतात. मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी रकमेत जर्मन गाडी मिळते, त्यामुळे घेणाऱ्याला व्यवहार फायद्याचा वाटतो. गाडीची किंमत मात्र उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही; दहा वर्षे जुन्या गाडीचा शॉकअप हा शोरूममधल्या गाडीच्या शॉकअपच्याच भावात घ्यावा लागतो. त्यात या ब्रँडांची अधिकृत सर्व्हिस सेंटरे बहुधा नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत किंवा इंदूर इथे, म्हणजे जळगाव-धुळ्याहून किमान दीडशे किलोमीटरवर आहेत. आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमध्ये वर्षभर बसते आणि महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याने सस्पेन्शनचे जे हाल झाले ते सगळ्यांनी अनुभवलेले आहेत. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे आर्म, त्यांतले रबरी बुश, इंजिन माउंटिंग, थर्मोस्टॅट, कूलंटची प्लास्टिकची टाकी हे भाग इथे पुण्यापेक्षा लवकर बदलावे लागतात.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालो आहे. त्या कामात आम्ही बेअरिंग कधी यंत्राच्या नावाने मागितले नाही. ६२०५ म्हटले की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५, हे जगभर ठरलेले आहे. मग ते एसकेएफचे घ्या, एफएजीचे घ्या की एनएसकेचे. यंत्र बनवणाऱ्याकडून तेच बेअरिंग त्याच्या पिशवीत घेतले, तर पिशवीचे पैसे वेगळे द्यावे लागत. मुलाने वापरलेली जर्मन गाडी घेतली तेव्हा तिच्या दुरुस्तीकडे मी याच नजरेने पाहू लागलो, आणि मोटारीतही गोष्ट फारशी वेगळी नसल्याचे माझ्या लक्षात आले.

बोनेटवर नाव कोणाचेही असो, मोटार कंपनी त्या गाडीचे बहुतेक सुटे भाग स्वतः बनवत नाही. इंजेक्टर आणि सेन्सर बॉशचे, फिल्टर मान किंवा माहलेचे, शॉकअप सॅक्स किंवा बिल्स्टाइनचे, सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डरचे, ब्रेक पॅड टेक्स्टार, ज्युरिड किंवा एटीईचे, एसीचा कॉम्प्रेसर डेन्सो किंवा सँडेनचा, हेडलाइट हेलाचा, अशी ही मंडळी आहेत, आणि त्यांतली बरीचशी आपला तोच भाग आपल्या नावाच्या खोक्यात दुकानदारालाही विकतात. डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा कारखाना तर नाशिकच्या सातपूरमध्ये, धुळ्याहून तीन तासांच्या आत आहे. ऑडी आणि स्कोडाच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडल्या गेल्या आहेत. ज्या गाड्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जोडल्या जातात, त्यांच्या एका बुशसाठी आपण आठवडा-आठवडा थांबावे आणि मागतील ती किंमत द्यावी, हे मला पटत नाही.

मुलाच्या गाडीचा पुढचा आर्म बदलायचा होता तेव्हा एका सर्व्हिस सेंटरने जे इस्टिमेट दिले, त्यावर ‘फ्रंट सस्पेन्शन रिपेअर’ एवढेच शब्द आणि पुढे एकच ठोक रक्कम होती. कोणता आर्म, डावा की उजवा, वरचा की खालचा, बुश वेगळे मिळतात की आर्मसकट घ्यावे लागतात, काहीच लिहिलेले नव्हते. नंबर मागितला तेव्हा तो सिस्टीममध्ये असतो, ग्राहकाला देण्याची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी अजिंठा चौफुलीकडच्या एका गॅरेजमध्ये मिस्तरींनी जुना आर्म उतरवला, डिझेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासला, आणि अॅल्युमिनियमच्या अंगावर ओतीव अक्षरांत मोटार कंपनीचे चिन्ह, तिचा नंबर आणि शेजारीच लेमफोर्डरचे नाव स्पष्ट दिसले. तो नंबर देऊन मुंबईहून लेमफोर्डरच्या खोक्यातला आर्म मागवला. तो हाती आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. ओतकामाच्या कडा, बुशच्या रबरावरच्या खाचा, बॉल जॉइंटचा रबरी बूट आवळणारी कडी, सगळे हुबेहूब तेच होते. फरक एवढाच की जुन्या आर्मवर जिथे मोटार कंपनीचे चिन्ह होते तिथे नव्या आर्मवर नखाएवढी जागा ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेली होती. एकाच साच्यातून निघालेला भाग कंपनीच्या पिशवीत न जाता बाजारात आला की चिन्ह घासून काढतात, आणि किंमत जवळजवळ निम्म्यावर येते. गाडी त्यावर आजही व्यवस्थित चालते आहे.

नंबर हाती आला की किती वाटा मोकळ्या होतात याचे दुसरे उदाहरण अगदी साध्या ऑइल फिल्टरचे आहे. फोक्सवॅगन समूहाच्या दोन लिटर कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या एका पिढीला ०३एल ११५ ५६२ या नंबराचा फिल्टर लागतो. हेच इंजिन ऑडी ए-४ मध्ये आहे, स्कोडा सुपर्बमध्ये आहे आणि फोक्सवॅगन पसाटमध्येही आहे. मानच्या यादीत त्याच फिल्टरचा नंबर एचयू ७००८ झेड आणि माहलेच्या यादीत ओएक्स ३८८डी असा आहे. ‘ऑडीचा फिल्टर’ मागणाऱ्या ग्राहकाला एक भाव सांगितला जातो आणि ‘एचयू ७००८ झेड’ मागणाऱ्याला दुसरा. इंजिनाला या भेदाची काही खबर नसते.

नंबर मिळाला म्हणजे सगळे झाले असेही नाही, आणि इथेच घाईने स्वस्ताच्या मागे लागणाऱ्यांना मला आवर्जून सांगायचे आहे. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना वेगवेगळ्या मापाच्या ब्रेक डिस्क असू शकतात. म्हणून आरसीवरच्या सतरा अक्षर-अंकी चेसिस नंबरावरून कॅटलॉग पाहावा लागतो, आणि फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत डिकीमध्ये स्टेपनीच्या खळग्याजवळ चिकटवलेल्या कागदावर जे तीन-तीन अक्षरांचे कोड असतात, त्यांतला ब्रेकचा कोड जुळवून घ्यावा लागतो. कंपन्या जुने नंबर बंद करून नवे देत असतात. नंबराच्या शेवटचे अक्षर बदलले तर तो सुधारलेला भाग आहे की वेगळ्या गाडीचा, हे तपासल्याशिवाय मागवू नये. तेलाचेही असेच आहे. डब्यावर फक्त ‘५डब्ल्यू-३०’ हा घट्टपणाचा आकडा पाहून चालत नाही. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, असलेल्या गाडीला फोक्सवॅगनची ५०७ ००, मर्सिडीजची २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०४ यांपैकी गाडीच्या पुस्तिकेत असेल ती मान्यता डब्यावर छापलेली हवी. ती असेल तर तेल कोणत्या कंपनीचे, हा दुय्यम प्रश्न आहे.

स्वस्तात कुठे जाऊ नये, तेही लिहितो. एअरबॅग, सीट बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेच्या वेळी बेल्ट आवळणारे), एबीएसचे युनिट आणि स्टिअरिंग रॅक हे भाग अधिकृत मार्गानेच घ्यावेत, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत भंगार गाडीतून काढलेली एअरबॅग तर कितीही स्वस्त मिळाली तरी बसवू नये. ब्रेक पॅड पर्यायी घ्यायला हरकत नाही, पण त्यावर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर आणि ‘९०आर’ ने सुरू होणारा क्रमांक असावा. संयुक्त राष्ट्रांच्या आर-९० या नियमानुसार अशा पॅडची ब्रेकिंग क्षमता मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत असल्याचे चाचणीने सिद्ध झालेले असते. पॅडसोबत झिजेचा सेन्सरही बदलावा लागतो आणि पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर स्कॅनरने तो सर्व्हिस मोडवर नेल्याशिवाय मागचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दाबू नये. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलल्यावर गाडीला तिची नोंद करून द्यावी लागते आणि नवीन डिझेल इंजेक्टरचा कोड संगणकात भरावा लागतो. भाग स्वस्त आणला पण ज्याच्याकडे योग्य स्कॅनर नाही अशा गॅरेजमध्ये बसवला, तर वाचलेले पैसे तिथेच जातात. रबराच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे: आपल्या उन्हात बिननावाचे बुश आणि कूलंटचे पाइप दुसरा उन्हाळा क्वचितच पाहतात, म्हणून तिथे मूळ पुरवठादाराखेरीज दुसरा माल घेऊच नये.

आता दुकानदारांविषयी. आपल्याकडे काउंटरवर ‘ओरिजिनल’, ‘ओईएम’, ‘फर्स्ट कॉपी’, ‘इम्पोर्टेड’ हे शब्द इतक्या सैलपणे वापरले जातात की ग्राहकाला त्यातून काहीच कळत नाही. मूळ पुरवठादाराच्या खोक्यातला भाग, दुसऱ्या नामांकित कारखान्याचा त्याच मापाचा भाग आणि पुरवठादाराचे खोटे नाव छापलेला नकली भाग या तीन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांच्या किमती वेगळ्या आहेत आणि त्यांतली तिसरी विकणे हा ट्रेड मार्क्स कायद्याने गुन्हा आहे. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत यांचा कागद चिकटवलेला असणे वजनमापे कायद्याखालच्या नियमांनुसार आवश्यक आहे. तो नसेल तर खोके कितीही चकचकीत असले तरी हात लावू नये. एसकेएफ आणि शेफलर या बेअरिंग कंपन्यांनी तर खोक्यावरचा कोड मोबाइलवर तपासण्याची ॲप काढली आहेत. जो दुकानदार प्रामाणिक आहे त्याला बिलावर ‘मान, एचयू ७००८ झेड’ असे लिहून द्यायला अडचण पडू नये, उलट त्याचा माल खरा असल्याचे ते प्रमाणपत्रच होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी अठरा टक्के झाला आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर तो अठ्ठावीस टक्के होता. दर उतरला तो ग्राहकाच्या हाती पोचला की नाही हेही नंबर आणि किंमत लिहिलेले पक्के बिल असेल तरच कळणार. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ या बोलण्याला बळी पडणाऱ्या ग्राहकाकडे भाग बिघडल्यावर दाखवायला काहीच उरत नाही.

नंबर मागणे म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या धंद्यात ढवळाढवळ करणे, असे काहींना वाटेल. परंतु या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजीच निकाल दिलेला आहे. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता. दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात आणि न्यायालयात गेल्या. त्यांपैकी तीन कंपन्यांच्या अपिलांत स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दंडाची मोजणी कमी केली, मात्र स्पर्धेला बाधा आणल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. माझ्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा त्या आदेशातील सूचना महत्त्वाच्या आहेत. पुरवठादारांना आपल्या नावाने खुल्या बाजारात भाग विकू द्यावेत, स्वतंत्र गॅरेजना भाग आणि उपकरणे मिळावीत, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले होते. सुट्या भागांच्या किमती आणि त्याच दर्जाच्या पर्यायी भागांची माहिती कंपन्यांनी लोकांसाठी खुली करावी, असेही त्यात होते. ज्या माहितीसाठी आमच्या मिस्तरींना जुना आर्म तारेच्या ब्रशने घासावा लागला, ती देण्याविषयी आयोगाने २०१४ मध्येच सांगितले होते.

पुढे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही क्षेत्रे तिच्याकडे सोपवण्यात आली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे पोर्टलही सुरू झाले. पोर्टलवर कंपन्यांनी माहिती स्वेच्छेने टाकावी अशी अपेक्षा आहे, आणि स्वेच्छेवर सोडलेली गोष्ट आपल्या गावापर्यंत कितपत पोचते हे वाचक जाणतातच. म्हणून माझी मागणी मी इथल्या इथे होण्याजोगी ठेवली आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ग्राहक संघटनांनी, गॅरेजमालकांच्या आणि स्पेअर पार्ट विक्रेत्यांच्या संघटनांनी एकत्र बसून इस्टिमेटचा एक साधा नमुना ठरवावा. त्यात भागाचे नाव, मोटार कंपनीचा नंबर, बसवायच्या भागाचा उत्पादक व त्याचा नंबर, किंमत, मजुरी आणि जुना भाग परत दिल्याची सही, एवढे रकाने पुरेत. जुना भाग परत घेण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण खरोखर बदलले काय आणि ते बदलण्याची गरज होती का, हे दोन्ही त्यावरूनच कळते.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचा एक आक्षेप रास्त आहे. ग्राहकाने बाहेरून आणलेला भाग बसवून तो निकामी झाला तर जबाबदारी कोणाची, असे ते विचारतात. ज्याने भाग विकला त्याची जबाबदारी भागापुरती आणि ज्याने बसवला त्याची कामापुरती, अशी विभागणी इस्टिमेटवरच लिहून ठेवता येईल, आणि ग्राहकाने आणलेल्या भागाची मजुरी थोडी जास्त घेतली तरी मी त्याला अन्याय म्हणणार नाही. अपघाताच्या विमा दाव्यातही याचा उपयोग आहे. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि नायलॉनच्या भागांवर निम्मी घट धरली जाते, म्हणजे महागड्या गाडीच्या बंपरची अर्धी किंमत मालकाच्या खिशातून जाते. तिथे सर्व्हेअरसमोर नंबर आणि पर्यायी भागाची किंमत ठेवता आली तर दोन्ही पक्षांचे पैसे वाचतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तेव्हा ज्यांना इस्टिमेटवर नंबर नाकारला जाईल त्यांनी तो लेखी मागावा, ईमेलने मागितला तरी चालेल, आणि मागणी व तिला आलेले उत्तर जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करायला शुल्क लागत नाही, आणि सस्पेन्शनचे कितीही मोठे काम निघाले तरी ते सहसा या मर्यादेच्या आतच असते. आपल्या वृत्तपत्राने तिन्ही जिल्ह्यांतील गॅरेज संघटनांना या नमुन्याविषयी त्यांचे म्हणणे विचारून ते छापले, तर चर्चा पुढे सरकेल. नमुन्याचा कच्चा मसुदा मी तयार करून ठेवला आहे आणि जी संघटना मागेल तिला तो देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ, जळगाव